पॅकीची रिकामी खुर्ची

बुधवार, ५ सप्टेंबर

पॅकी टॉल्टी शेवटी ऑस्ट्रेलियाला गेला, लेकीकडे. बकऱ्याच्या कातड्याचं ते डफासारखं बौरान काखोटीला मारून घेऊन गेला आणि खुर्ची मागे ठेवून गेला. जोसी लेनिहनच्या पबात मंगळवारी संध्याकाळी वाजवणाऱ्यांची बैठक बसते, त्या गोलात चुलीच्या डाव्या हाताला ती खुर्ची. काल रिकामीच होती. कोणी तिच्यावर कोटसुद्धा टाकला नाही.

मी नेहमीसारखी खिडकीखालच्या बाकावर. जूनमध्ये पोस्टातून निवृत्त झाले तेव्हापासून माझ्या आठवड्यात एक मंगळवार आणि बाकी सगळे रविवार. जन्मभर या गावाच्या पत्रांवर शिक्के मारले. दिवसातून एकदा तरी सगळं गाव माझ्या खिडकीशी यायचं, हवापाण्याबद्दल कुरकुरायचं, जायचं. आता खिडकीशी कुत्रा येतो. त्याचं नाव बिशप, आणि फादर कलिगनना ते मुळीच आवडलेलं नाही.

तर मी ठरवलं आहे. ती खुर्ची मला हवी. गोलात बसणाऱ्याला गावात लोक थांबवून विचारतात, "मंगळवारी आहेस ना?" बाकावर बसून ऐकणारा आला काय नि न आला काय, कोणाला पत्ता नसतो. मला कोणीतरी विचारायला हवं आहे. एवढंच खरं कारण आहे, आणि ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही म्हणून ते लिहिते.

अडचणी दोन. एक म्हणजे मर्ट कन्सिडीन. कॉन्सर्टिना, ती हातात धरायची भात्याची पेटी, वाजवतो, वय अठ्ठ्याहत्तर, बैठकीत त्याचाच शब्द चालतो. त्यानं मान हलवल्याशिवाय त्या खुर्चीत कोणी बसत नाही. ऑक्टोबरअखेरीच्या हॅलोविनपर्यंत कोणी बसलं नाही, तर जोसी ती खुर्ची माडीवर टाकणार आहे. दुसरी अडचण म्हणजे मला काहीही वाजवता येत नाही. शाळेत सिस्टर बेनिग्नसनी माझ्या हातातली सूर काढायची पत्र्याची शिट्टी काढून घेतली होती आणि ती परत कधी दिली नाही. म्हणजे सुरांचं दार बंद. उरलं ठेक्याचं. त्यातलं कुठलं वाद्य, ते आता बघायचं.

नवल असं की पॅकी नसूनही काल काही बिघडलं नाही. लय अगदी ठाकठीक होती. बासरीवाली फिलोमिना दोनदा माझ्याकडे बघून हसली. माझ्या दातात काही अडकलं होतं की काय कोण जाणे.

शनिवार, ८ सप्टेंबर

चपला-बुटांची दुरुस्ती करणाऱ्या टिमकडे काळे बूट टाकले. टाचेला नाल ठोकून घेते मी, पोस्टात उभं राहून राहून लागलेली सवय. टिमनं बूट उलटा करून बघितला आणि म्हणाला, "अट्रॅक्टा, डावी टाच नव्यासारखी आणि उजवीचा पार चुरा. शिक्के हातानं मारायचीस की पायानं?"

"तू ठोक मुकाट्यानं," म्हटलं.

येताना वाद्याची सोय करून आले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या सणाला, पोरं तोंडाला काजळी फासून दारोदार जे बौरान बडवत फिरतात, ते चर्चच्या हॉलमध्ये वर्षभर खिळ्याला टांगलेलं असतं. घमेल्याएवढं थोरलं, कडेला पत्र्याच्या चकत्या. फादर कलिगन म्हणाले, "न्या हो, पण घरी नका वाजवू, शेजारी मिसेस ग्रोगन आजारी आहेत." घरी नाही वाजवायचं, मग शिकायचं कुठे? गोठ्यात वाजवलं. आता गायी माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

बुधवार, १२ सप्टेंबर

लाज.

खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही. तिच्या शेजारी स्टूल ओढलं, चुलीपुढच्या चटईवर पाय ठेवले आणि थोरलं बौरान मांडीवर घेतलं. पहिली रील, ती जलद नाचाची धून, सुरू झाली, मी टिपरू हाणलं, चकत्या खणखणल्या. मर्टनं कॉन्सर्टिना थांबवली आणि म्हणाला, "कोण दार ठोठावतंय? आत ये म्हणावं, उघडंच आहे."

सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार?

मग हळू वाजवून बघितलं. तरी लय सुटली ती सुटलीच. फिलोमिना एकीकडे पळतेय, मर्ट दुसरीकडे ओढतोय, फिडलवाली, म्हणजे व्हायोलिनवाली, दोघं कोणाच्या मागे जावं या विचारात. शेवटी मी बौरान खाली ठेवून हात मांडीवर घेऊन गप्प बसले. विचित्र गोष्ट म्हणजे तरीसुद्धा काही सुधारलं नाही. बहुतेक माझं वाजवणं त्यांच्या कानात अडकून राहिलं असणार. इतकं वाईट वाजवता येणं हीसुद्धा एक कलाच म्हणायची.

निघताना मर्ट म्हणाला, "तुझ्या त्या बाकाला काय काटे फुटलेत?"

हे मला चांगलंच झोंबलं.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

मोठं वाद्य हीच चूक होती. खूप विचार केला. बैठकीत ठेक्याचं वाद्य असं हवं की असलं तर कळू नये आणि नसलं तर लगेच कळावं. हे माझं वाक्य, आणि मला ते बेहद्द आवडलं आहे.

म्हणून आता हाडं. बैलाच्या बरगडीचे दोन तुकडे बोटांच्या बेचक्यात धरून मनगट झटकायचं, की घोड्याच्या टापांसारखा टकटक आवाज निघतो. माझे वडील वाजवायचे. खाटकाकडून बरगड्या आणल्या, दिवसभर उकळल्या. घराला जो वास सुटला त्याचं वर्णन करत नाही. आता चुलीवरच्या दांडीला वाळत घातल्या आहेत. बिशप खाली बसून त्यांच्याकडे भक्तिभावानं बघतो आहे.

बुधवार, १९ सप्टेंबर

बिशपनं एक हाड खाल्लं.

काल संध्याकाळी निघायच्या वेळी बघते तर दांडीवर एकच. एका हाडानं काय वाजवणार, कपाळ? रिकाम्या हातानं गेले आणि थेट जुन्या बाकावर जाऊन बसले. इतका संताप आला होता की कोणाशी बोलले नाही. कुत्र्यावर, खाटकावर, मर्टवर, सगळ्यांवर.

आणि काय सांगू, वर्षभरात झाली नसेल अशी बैठक झाली! लय एकदाही हलली नाही. कूनी नवराबायको एरवी एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत, ते उठून नाचले. मर्टनं डोळे मिटून एकामागून एक रील काढल्या. पॅकीच्या वेळीसुद्धा असं कधी ऐकलं नव्हतं.

दारात मर्टनं मला गाठलं. "हे असं पाहिजे."

"असं म्हणजे कसं?"

"आजच्यासारखं."

"आज तर मी काहीच केलं नाही."

"हां," म्हणाला आणि टोपी घालून चालता झाला.

म्हणजे मी काही न करणं हे त्याला पाहिजे. स्पष्ट सांगितलं त्यानं, उपकार झाले. पण मी हेहिरांच्या घराण्यातली आहे. आम्ही हट्टाला पेटलो की आमच्या नादी कोणी लागत नाही.

गुरुवार, २७ सप्टेंबर

सर्दी, ताप. या मंगळवारी जाता आलं नाही. आज फिलोमिना सोडाब्रेड घेऊन आली. मी विचारलं, "कशी झाली बैठक?"

"विचारू नकोस. कुंपण तुटल्यावर वासरं उधळतात ना, तशी. तिसऱ्या रीलनंतर मर्टनं पेटीच मिटली आणि गायींच्या भावावर बोलत बसला."

"पण मी तर नव्हते तिथे बिघडवायला!"

"तेच तर," फिलोमिना म्हणाली. मग जीभ चावली.

"तेच तर काय?"

"काही नाही. सांगायचं नाही म्हणून मर्टनं बजावलंय. ब्रेड गरम आहे तोवर खा."

ब्रेड खाल्ला, पण गोड लागला नाही. काहीतरी शिजतंय आणि ते माझ्यापासून लपवताहेत. माझा अंदाज असा की खुर्ची डीटरला देणार. डीटर म्हणजे तो जर्मन, टेकडीवर शेळ्या पाळतो, चीज विकतो, आणि त्याच्याकडे बोंगो आहेत, हातानं बडवायची ढोलक्यांची जोडी. माणूस वाईट नाही. पण बोंगो! आमच्या रीलला!

बुधवार, ३ ऑक्टोबर

चमचे. आईच्या लग्नातले चांदीचे दोन, पाठीला पाठ लावून बोटांत धरायचे आणि गुडघा नि तळहात यांच्यामध्ये खेळवायचे. आठवडाभर रेडिओबरोबर सराव केला, गुडघा निळा पडला आहे, पण खरंच बरं जमू लागलं होतं.

काल गोलाच्या कडेला बसले. पहिल्या धूनला, जिग होती ती, मर्टनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे मोठंच कौतुक. दुसऱ्या जिगला जोर चढला, हाताला घाम, आणि वरचा चमचा सटकला तो थेट मर्टच्या काळ्या बियरच्या ग्लासात.

त्यानं चमचा बाहेर काढला, चाटला, मला परत दिला. "साखर नको असते मला, अट्रॅक्टा."

जोसी तर गल्ल्यामागे बसकण मारून हसत होती. बरं, चमचा सोडा, लयसुद्धा पुन्हा तशीच भरकटलेली. फिलोमिना माझ्या कानाशी येऊन अगदी लाडानं म्हणाली, "अगं, बाकावर किती ऐसपैस असतं ना? पाय मोकळे सोडता येतात."

माझ्या पायांची काळजी या बाईला कधीपासून?

बुधवार, १० ऑक्टोबर

काल डीटर बोंगो घेऊन आला. मी आत शिरले तर तो गोलात. अंगाचा तिळपापड झाला. बाकावर बसून त्याचा राज्याभिषेक बघायची माझी तयारी नव्हती, म्हणून गल्ल्याशी उंच स्टुलावर त्यांच्याकडे पाठ करून बसले, पाय लोंबकळत, शेरीचा ग्लास पुढ्यात.

वाजवलं चांगलं त्यानं, खोटं कशाला बोलू. हळू, नीट, मध्ये मध्ये न येता. तरी सगळं घसरत गेलं. मर्ट सारखा मान वळवून खिडकीकडे बघत होता, बाहेर कोणाची गाडी आली की काय कोण जाणे. शेवटी म्हणाला, "पोरा, तुझी चूक नाही." आणि डीटरनं बोंगो पिशवीत घातले.

मला मनातून उकळ्या फुटत होत्या. लाज वाटायला हवी होती. वाट बघितली, पण वाटली नाही.

रविवार, १४ ऑक्टोबर

काल बसनं एनिस शहरात जाऊन माझं स्वतःचं बौरान घेतलं. लहान, साधं, चकत्या नाहीत, कातडं पातळ आणि मऊ. दुकानदारानं शिकवलं की डावा हात आतून कातड्यावर फिरवत राहिलं की आवाज मखमली होतो. ओल्या हवेत कातडं सैल पडतं, शेकोटीजवळ फार ठेवलं तर तडकतं. म्हणजे माणसासारखंच नाजूक प्रकरण. मी त्याला पलंगाशेजारच्या खुर्चीवर ठेवलं आहे, बिशपला खोलीत बंदी.

हे जमलं नाही तर काही जमणार नाही.

बुधवार, १७ ऑक्टोबर

थोडक्यात लिहिते. काल गेले, बौरान काढलं, स्टूल ओढलं. अजून एक ठोकासुद्धा मारला नव्हता. मर्ट सगळ्यांसमोर म्हणाला, "अट्रॅक्टा, ते ठेव आणि बाकावर जा बघू."

"का?"

"जा म्हणतो ना. तुझी जागा ती आहे."

 फिलोमिना म्हणाली, "मर्ट, अरे, असं नाही सांगायचं," तर तो म्हणाला, "मग कसं सांगायचं? तूच सांग," आणि दोघं लालबुंद होऊन एकमेकांकडे बघत बसले.

मी बौरान पिशवीत घातलं, कोट घातला आणि घरी आले. वाटेत रडले. लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाकबूल करता येणार नाही. माझी जागा! जन्मभर खिडकीच्या एका बाजूला उभी राहिले, आता म्हातारपणी बाकावर बसून दुसऱ्यांची मजा बघायची, ही माझी जागा. परत पाऊल टाकणार नाही त्या पबात.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

या मंगळवारी गेले नाही. घड्याळात सात वाजले तेव्हा बिशपला आंघोळ घातली. दोघांचीही फजिती झाली.

आज डीटर आला, शेळीचं चीज घेऊन. दारातच टोपी काढून उभा. "मिस हेहिर, तुम्ही परत या. बैठक फार वाईट चालली आहे."

"तुमचे बोंगो आहेत की."

"बोंगो मी आता शेळ्यांना वाजवून दाखवतो." मग जरा अडखळत म्हणाला, "मी स्पष्ट बोलू का? इथे कोणी स्पष्ट बोलत नाही म्हणून मला त्रास होतो. मी तीन वर्षं मंगळवारी येतो, ते तुमच्या पायाकडे बघायला. मला ते फार आवडतं."

मी दार लावून घेतलं.

माझ्या पायाकडे! वय चाळीससुद्धा नसेल त्याचं! आरशासमोर उभी राहून बघितलं. पोटरी अजून बरी आहे म्हणा, पण तरी. उद्यापासून जाड लोकरी मोजे घालते. चीज मात्र उत्तम आहे.

गुरुवार, १ नोव्हेंबर

आज सगळ्या संतांचा दिवस, म्हणून सकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला गेले. जोसीनं मला चर्चच्या दारात पकडलं आणि हाताला धरून सरळ पबात नेलं. वाटेत एवढंच म्हणाली, "मुडदा सापडलाय. तू पोस्टात होतीस, तुला गावातले सगळे माहीत."

झालं असं की अमेरिकन पाहुण्यांसाठी तिला भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालायचा आहे. त्यासाठी खालची ओल बघायला तिनं खिडकीजवळचं बाक हलवलं आणि गवंड्याकडून एक लादी उचलवली. लादीखाली पोकळी. पोकळीत कवटी.

मी वाकून बघितलं. "जोसी, याला एवढे मोठे दात आहेत. हा आपल्या गावचा नाही."

घोडा होता. घोड्याची अख्खी कवटी, तोंड वर करून, जणू आमचीच वाट बघत.

तेवढ्यात मर्ट आला. त्याला बघून मी तोंड फिरवलं. त्यानं मात्र कवटी बघितली आणि टोपी काढली. "चूल आधी या बाजूला होती, जोसी. पब व्हायच्या आधी हे नाचाचं घर होतं. माझे आजोबा सांगायचे, चुलीपुढच्या लादीखाली घोड्याचं डोकं पुरायचं, म्हणजे नाचणाऱ्याची टाच घरभर घुमते. कुठे पुरलं ते सांगायचं मात्र विसरून गेले सगळे." मग त्यानं कवटीकडे बघितलं, हलवलेल्या बाकाकडे बघितलं, आणि शेवटी माझ्या बुटांकडे. "तरीच!" म्हणाला.

आता यालाही माझे पाय! काय झालंय तरी काय या गावातल्या पुरुषांना?

जोसीला ती कवटी एनिसच्या म्युझियमला द्यायची होती. मर्ट म्हणाला, "जशी होती तशी आत ठेव. लादी तशीच बसव. बाक तिथेच. गालिचा घालायचा तर चंद्रावर घाल, पण त्या लादीवर नाही. नाहीतर मी मंगळवारी पलीकडच्या पबात जाऊन बसतो." जोसीनं हात जोडले. मग माझ्याकडे न बघताच मर्ट म्हणाला, "मंगळवारी सात वाजता."

"कोणाला सांगतोयस?" मी म्हटलं.

"घोड्याला," म्हणाला.

सोमवार, ५ नोव्हेंबर

जाऊ की नको? खुर्ची अजून माडीवर गेलेली नाही, जमिनीचं काम चालू होतं म्हणून. खुर्चीत आता कोण बसतंय ते बघायला तरी जावं. नुसतं बघायला. बौरान नेत नाही. काही काही नेत नाही.

बुधवार, ७ नोव्हेंबर

सगळं लिहायचं आहे.

गेले. नवा गालिचा, पिकलेल्या आलुबुखाऱ्याच्या रंगाचा, खिडकीजवळ चौकोन कापून लादी उघडी ठेवलेली. त्यावर माझं बाक. चुलीशी गोल जमलेला, आणि पॅकीच्या खुर्चीत डीटर बसलेला, हात रिकामे.

 म्हटलं, झालं. एक शेरी घ्यायची, सगळ्यांना गोड बोलायचं आणि निघायचं. जाऊन बाकावर बसले.

मर्ट उठला. एका हातात कॉन्सर्टिना, दुसऱ्या हातात स्वतःची खुर्ची, आणि चालत आला तो माझ्यासमोर येऊन खुर्ची टेकवून बसला. गुडघ्याला गुडघा लागेल एवढा जवळ. मागून फिलोमिना आपलं स्टूल घेऊन आली. मग फिडलवाली दोघं. मग डीटर पॅकीची खुर्ची डोक्यावर घेऊन आला, ती माझ्या डाव्या हाताला ठेवली, तिच्यावर माझा कोट आणि पर्स ठेवली आणि आपण भिंतीला टेकून उभा राहिला. चुलीजवळ कोणीच उरलं नाही. अख्खा गोल उठून माझ्या बाकाभोवती आला होता.

"चालू कर," मर्ट म्हणाला.

"काय चालू करू? माझ्याकडे काही नाही वाजवायला."

"त्याबद्दल देवाचे उपकार मान."

मग फिलोमिनाला राहवलं नाही. "अगं बये, तुझा पाय! तू या बाकावर बसलीस की तुझी उजवी टाच खाली पडते, तुला पत्ताही नसतो. आम्ही सगळे तिच्यावर चालतो. पॅकीसुद्धा तिच्यावरच चालायचा, काय समजलीस? तुझ्यासारखी लय अख्ख्या क्लेअर परगण्यात नाही. तू उठून गोलात आलीस, चटईवर पाय ठेवलेस, की आम्ही आंधळे. आम्हाला तू वाजवायला नको होतीस असं नाही गं. आम्हाला तू तिथे हवी होतीस."

"मग सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलेच.

"मर्ट नको म्हणाला. पायाला सांगितलं की पाय बिघडतो म्हणाला."

"बिघडतोच," मर्ट म्हणाला. "आता बघ."

आणि खरंच. सगळे माझ्या बुटाकडे बघत होते, मीही बघत होते, आणि बूट ढिम्म. जणू दुसऱ्या कोणाचा. टाच उचलून खाली टाकली तर काठी पडल्यासारखा आवाज आला. पुन्हा टाकली, त्याहून वाईट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात कोणीतरी मला हवी म्हणालं, आणि नेमकं तेव्हाच मला जमेना. मी म्हटलं, "गेलं वाटतं ते."

मर्टनं कॉन्सर्टिना गुडघ्यावर ठेवली, छताकडे बघितलं. मग गप्पा माराव्यात तसा म्हणाला, "माझ्या भावानं शिकागोहून मला एक शेवटचं पत्र पाठवलं होतं, मिळालंच नाही कधी. मला वाटतं तुझ्या पोस्टातच हरवलं असणार."

"काय?"

"हरवलं. तू हरवलंस."

"माझ्या पोस्टात?" मी म्हटलं. "माझ्या पोस्टात एक पोस्टकार्ड कधी हरवलं नाही, मर्ट कन्सिडीन! शिकागोची डाक शुक्रवारी यायची, मी स्वतः लावायची, स्वतः शिक्का मारायची! तुझ्या भावाला पत्ता नीट लिहिता येत नसे, तो 'मर्ट, डोंगराजवळ' एवढंच लिहायचा, तरी मी पोचवायची! आणि पावसात भिजलेलं ते एक पाकीट मी माझ्या चुलीवर वाळवून, इस्त्री करून तुझ्या घरी..."

फिलोमिनाची बासरी सुरू झाली होती. मला वाटतं मर्टही सुरू झाला होता. माझं लक्ष नव्हतं, मी ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर देत होते. मध्येच मला खालून कुठून तरी खणखणीत, गोल, पोकळ आवाज ऐकू आला, ठक, ठक, ठक, गायींचा कळप लाकडी पुलावरून सावकाश जावा तसा. तो मीच काढत होते. मी आणि तो घोडा. मला कळलं तरी तो थांबला नाही, कारण अजून मर्टला सांगण्यासारखं बरंच बाकी होतं.

कूनी नवराबायको नाचले. जोसीसुद्धा नाचली. डीटरनं भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकलं, आणि बिचाऱ्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. त्याला उद्या सफरचंदाचा केक नेऊन देते आणि जाड मोजे काढून ठेवते.

आज सकाळी दुकानात गेले तर मिसेस ग्रोगन, आजारातून उठलेल्या, दारातूनच ओरडल्या, "अट्रॅक्टा, मंगळवारी आहेस ना?"

"आहे," म्हटलं. "न जाऊन कसं चालेल?"

चमचे आईच्या पेटीत परत ठेवले. उरलेलं हाड बिशपला दिलं. बौरान भिंतीवर टांगलं, दिसायला छान दिसतं. फक्त एका गोष्टीचा अजून उलगडा होत नाही. भावाचं ते शेवटचं पत्र हरवलेलं नाही, मर्टनं ते माझ्या खिडकीशी उभं राहून वाचलं होतं, मला चांगलं आठवतंय. मग नेमकं कालच, तसल्या नाजूक वेळी, त्याच्या डोक्यात ते कुठून आलं? म्हातारपणी माणूस विसरतो, दुसरं काय. पुढच्या मंगळवारी त्याला नीट आठवण करून देणार आहे.